पाच दिवस उस्तादाकडे, की दर शनिवारी जवळच्या स्टुडिओत?

दिवाळी सरून हवा कोरडी झाली की मातीकामाच्या कार्यशाळांचा हंगाम सुरू होतो. एखादं मोठं नाव, चार-पाच दिवस, मोजक्या जागा, राहणं-जेवण तिथेच, आणि फी अशी की घरात सांगताना आकडा जरा कमी करून सांगावासा वाटतो. तेवढ्याच पैशांत घराजवळच्या स्टुडिओत काही महिने आठवड्यातून एकदा जाता येतं. चाक दोन्हीकडे चाकच, मातीतही फार फरक नाही. मग पैसे कुठे घालावेत?

माझं मत आधीच सांगून टाकते. चाकावरचा गोळा मध्यावर आणता येत असेल तर कार्यशाळेला जरूर जा. येत नसेल तर शिकवणारा कितीही नावाजलेला असो, ती फी सध्या बाजूला ठेवा आणि शनिवारचा वर्ग धरा. याला अपवाद आहेत, त्यांच्याकडे येतेच.

गोळा मध्यावर येईपर्यंत

चाक फिरायला लागलं की मातीचा गोळा डावी-उजवीकडे हेलकावत राहतो. कोपर मांडीला टेकवून, तळहाताने दाब देत त्याला इतकं स्थिर करायचं की चाक फिरतंय आणि माती मात्र जागच्या जागी उभी आहे असं वाटावं. स्टुडिओत याला सगळे सेंटरिंगच म्हणतात. हे झाल्याशिवाय पुढचं काही होत नाही. तसाच अंगठा घालून तोंड उघडलं तर भांड्याची एक बाजू जाड राहते, दुसरी पातळ, आणि भिंत वर ओढताना पातळ बाजू फाटते.

कृती समजायला दोन मिनिटं लागतात, अंगात मुरायला कितीतरी आठवडे. आणि ते सलग बसून होत नाही. दीड-दोन तासांनी मनगटं दमतात, दमलेला हात मातीला धक्के द्यायला लागतो, आणि मग जे मुरतं ते चुकीचं मुरतं. मध्ये आठवडा जाऊ दिला की पुढच्या वेळी हात थोडे शहाणे होऊन आलेले असतात. का, ते मला विचारू नका. सायकल शिकताना तुम्हालाही हा अनुभव आला असेल.

आता हाच नवखा माणूस पाच दिवसांच्या कार्यशाळेत बसवा. पहिले तीन दिवस त्याचे सेंटरिंगमध्ये जातात, म्हणजे कुठलाही बरा शिक्षक शिकवू शकेल त्या गोष्टीत. त्याच वेळी समोर उस्ताद सुरईचा गळा कसा आवळायचा ते दाखवत असतात. ते त्याला दिसतं, आवडतं, मोबाइलमध्येही जातं. पण त्यात अवघड काय होतं हेच कळलेलं नसल्यामुळे हाती काही लागत नाही. शनिवारी धडपडलेल्या माणसाला मात्र तो अर्ध्या मिनिटाचा आवळता हात कितीतरी दिवस पुरतो.

मातीला घाई चालत नाही

जाहिरातीत हा भाग नसतो, आणि निवड करताना माझ्या मते सगळ्यात जास्त वजन यालाच द्यायला हवं.

चाकावरून उतरलेलं भांडं ओलं असतं. ते प्लास्टिकखाली सावकाश सुकवून चामड्याइतकं घट्ट झालं की उलटं ठेवून बुडाची जास्तीची माती तासायची. मग पूर्ण सुकवायचं. मग पहिली भाजणी, म्हणजे बिस्किट, साधारण 900 ते 1000 अंश सेल्सिअसला. त्यावर ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, लावायचं आणि स्टोनवेअर (जास्त आंचेवर घट्ट भाजायचं भांडं) असेल तर पुन्हा 1200 ते 1300 अंशांच्या मध्ये कुठेतरी भाजायचं. भिंतीत ओल राहिली असेल तर तिची वाफ होऊन भांडं भट्टीतच फुटतं. 573 अंशांच्या आसपास मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलते आणि तो एकदम प्रसरण पावतो, उतरताना तिथेच आकसतो. त्यामुळे त्या टप्प्यातून चढताना आणि उतरताना घाई केली तर तडा ठरलेला. भट्टी निवायलाच एक दिवस किंवा जास्त जातो. या सगळ्यात भांडं दहाबारा टक्क्यांनी लहान होतं, ते वेगळंच. चहाचा कप करायला निघालेल्यांच्या हातात पहिल्यांदा हमखास काढ्याची वाटी येते.

शनिवारचा वर्ग या चालीशी जुळतो. या आठवड्यात घडवलेलं पुढच्या आठवड्यात तासायला तयार असतं, त्याच्या पुढे बिस्किट, त्याच्या पुढे ग्लेझ. महिना-दीड महिन्यात एक भांडं पूर्ण होतं आणि त्याचं सगळं आयुष्य तुमच्या नजरेखालून जातं. बूड जाड ठेवलं तर काय होतं, हे कुणी सांगण्याआधी तुम्हाला दिसलेलं असतं. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ही चाल आणखी मंदावते, कारण दमट हवेत काहीच सुकत नाही. तेव्हा जून ते सप्टेंबर घाटाखालच्या कार्यशाळेचे पैसे भरण्यापूर्वी दोनदा विचार करा.

पाच दिवसांत हे चक्र बसत नाही. त्यामुळे कार्यशाळेत तीनपैकी एक काहीतरी होतं. तुमची भांडी मागाहून भाजून कुरिअरने येतात, आणि त्यातली काही वाटेत फुटतात. किंवा न भाजताच मोडून माती परत पिंपात जाते. नामवंतांकडे हे बरंच चालतं आणि मला ते पटतं. किंवा राकू करतात: बिस्किट केलेल्या भांड्याला ग्लेझ लावून ते छोट्या भट्टीत झपाट्याने तापवायचं, लालबुंद असतानाच चिमट्याने काढून भुशात टाकायचं आणि झाकायचं. धूर, ज्वाळा, ग्लेझवर उमटणारी भेगांची जाळी. संध्याकाळचा देखणा कार्यक्रम होतो. पण राकूच्या भांड्यात पाणी झिरपतं आणि ते खाण्यापिण्याला वापरायचं नसतं. घरी जाऊन त्यात आमटी वाढायचं मनात असेल तर हे आधीच कळलेलं बरं.

मग उस्तादाकडे जायचं कशाला?

दोन गोष्टींसाठी, आणि त्या दोन्ही शनिवारच्या वर्गात कितीही फी भरली तरी मिळत नाहीत.

पहिली, तुमच्या भांड्याबद्दल खरं बोलणारं माणूस. वर्गातले शिक्षक प्रेमळ असतात, त्यांना तुम्ही पुढच्या महिन्यात परत यायला हवे असता. कार्यशाळेतल्या उस्तादाला ती चिंता नसते. एका कार्यशाळेत आमचं प्रत्येक बरं दिसणारं भांडं तारेने उभं कापून दोन फाका समोर ठेवल्या होत्या. बाहेरून डौलदार दिसणाऱ्या भांड्याचं बूड आत बोटभर जाड. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतमंडळींची डोकी तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं, ती कथा आपण लहानपणापासून ऐकतो. कापलेल्या भांड्यासमोर बसलं की नामदेवांना राग का आला असेल ते नीट समजतं. पण त्यानंतर माझ्या भिंती पातळ झाल्या, हे खरं.

दुसरी गोष्ट आग. शहरातल्या बहुतेक स्टुडिओंत विजेची भट्टी असते. सोसायटीत, दुकानाच्या गाळ्यात तीच परवडते. तिच्यात हवा भरपूर, म्हणजे ऑक्सिजनही भरपूर. गॅसच्या किंवा लाकडाच्या भट्टीत मात्र हवा कोंडून ऑक्सिजन कमी करता येतो, आणि मग तेच रंगद्रव्य वेगळं वागतं. विजेच्या भट्टीत हिरवं उमटणारं तांबं इथे लाल होऊ शकतं. लोह तिथे पिवळट-तपकिरी दिसतं, इथे त्याच्यातून सेलाडॉन नावाच्या ग्लेझचा निळसर-हिरवा निघतो. लाकडाच्या मोठ्या भट्टीत तर राख उडून भांड्यांवर बसते आणि वितळून तिचंच ग्लेझ होतं. अशी भट्टी दिवस-रात्र पेटती ठेवावी लागते, पाळ्या लावून लाकूड घालावं लागतं. ज्या कार्यशाळेत अशी भट्टी लागणार आहे, तिथे सेंटरिंग येत नसलं तरी जा. मघाशी म्हणाले तो पहिला अपवाद हाच.

दुसरा अपवाद, ज्यांना चाक नकोच आहे. हाताने मातीच्या वळ्या रचून किंवा मातीचे पत्रे लाटून काम करणाऱ्या कलावंताची कार्यशाळा नवख्यालाही पुष्कळ देते. चाकाच्या ग्लॅमरपुढे याकडे कुणी बघत नाही एवढंच.

नावं कोणती, ठिकाणं कोणती

आपल्याकडे स्टुडिओ पॉटरीचा विषय निघाला की पुदुच्चेरीचं गोल्डन ब्रिज पॉटरी पहिलं येतं. डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी ते 1971 मध्ये सुरू केलं आणि देशातले कितीतरी नावाजलेले मृत्पात्रकार तिथून शिकून बाहेर पडले. (मीकर यांनी पुढे अख्खी मातीची घरंच आतून पेटवून भाजण्याचे प्रयोग केले. हा गृहस्थ वेगळाच.) हिमाचलात पालमपूरजवळ अंद्रेट्टा आहे. जपानमध्ये शिकून आलेल्या आणि दिल्ली ब्लू पॉटरी उभी करणाऱ्या सरदार गुरचरण सिंग यांच्या कुटुंबाची ही जागा, तिथल्या तीन महिन्यांच्या निवासी अभ्यासक्रमासाठी ओळखली जाते. नोकरीतून तेवढी रजा मिळत असेल तर वर्ग की कार्यशाळा हा वादच उरत नाही, कारण तीन महिन्यांत मातीची चालही सांभाळली जाते आणि उस्तादही समोर असतो. आपल्या कपाळी सहसा पाच दिवसच असतात.

महाराष्ट्रात बघायचं तर भाईंदरला ब्रह्मदेव पंडित आहेत. बिहारच्या कुंभार घरात जन्मलेले, 2013 मध्ये पद्मश्री मिळालेले. पारंपरिक हात आणि स्टुडिओची भट्टी एकाच माणसात पाहायची असतील तर त्यांचं काम प्रदर्शनात दिसेल तेव्हा चुकवू नका. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरांनी उभा केलेला ग्रामोदय संघ आहे. त्याची प्रकृती स्टुडिओपेक्षा ग्रामोद्योगाची.

एक सावधगिरी. उत्तम घडवणारा उत्तम शिकवतोच असं नाही. काही मोठे कलावंत तासन् तास एक शब्द न बोलता काम करतात आणि आपण बघत राहायचं असतं. त्यातून शिकणारे शिकतात, पण हात चालवायची हौस घेऊन गेलेला माणूस हिरमुसून परततो.

कुंभाराच्या अंगणात

तिसरा पर्याय कुणी धरतच नाही. तुमच्या गावात, तालुक्याला किंवा मुंबईत धारावीच्या कुंभारवाड्यात पिढ्यान् पिढ्या हेच काम करणारी घरं आहेत. कुंभारवाड्यातली मंडळी मूळची सौराष्ट्राकडची. तिथे शिकायला मिळतं ते कुठल्याच स्टुडिओत नाही. मोठ्या गोळ्याच्या टोकावरून एकामागून एक पणत्या उतरवणं. चाकावर जाडसर घडवून घेतलेल्या माठाला आतून दगडाचा आधार देत बाहेरून थापटण्याने ठोकून फुगवणं. माठात पाणी गार राहतं कारण तो कमी आंचेवर भाजलेला, सच्छिद्र असतो. स्टुडिओतला कप चहा गळू देत नाही कारण तो काचेसारखा घट्ट भाजलेला असतो. हा फरक पुस्तकात एका ओळीत संपतो, कुंभाराच्या आव्यापाशी, म्हणजे भट्टीपाशी, उभं राहिलं की अंगाला जाणवतो.

अडचणीही आहेत. ते त्यांचं पोटापाण्याचं ठिकाण आहे, शिकवणं हा त्यांचा धंदा नाही. गणपती ते दिवाळी त्यांना मान वर करायला वेळ नसतो. बऱ्याच घरांत बाईने चाकावर बसायचं नाही असा जुना रिवाज आहे. माती तुडवणं, ठोकणं, रंगवणं बायकांकडे. परकी बाई म्हणून काही ठिकाणी मुभा मिळते, काही ठिकाणी नाही, तेव्हा आधी विचारावं आणि नाही म्हणाले तर वाद घालू नये. त्यांच्या दिवसभराच्या मजुरीचा अंदाज घेऊन पैसे स्वतःहून द्यावेत.

मॉलमधल्या तासाभराच्या चाकाबद्दल फार लिहीत नाही. मुलांना घेऊन जा, मजा येते.

पैसे भरण्यापूर्वी फोन करा

कार्यशाळा ठरवलीच असेल तर आयोजकांना माणसं किती हे विचारू नका, चाकं किती ते विचारा. बारा जणांत चार चाकं असतील तर तुमचा दिवस बघण्यात जाणार. भाजणी फीमध्ये धरली आहे का, आणि धरली असेल तर किती भांड्यांची, हे विचारा. बऱ्याच ठिकाणी माती किलोवर आणि भाजणी आकारावर वेगळी लावतात, आणि खरा आकडा शेवटच्या दिवशी कळतो. पाठीचा किंवा मनगटाचा त्रास असेल तर उभं राहून चालवायचं चाक आहे का तेही विचारून ठेवा. नखं आधीच कापा.

आणि तुम्ही आधीच शनिवारी कुठे जात असाल तर दोन्हीचा मेळ घालता येतो. वर्गात घडवून बिस्किट केलेली पाच-सहा भांडी कपड्यांत गुंडाळून कार्यशाळेला न्यायची आणि पाचही दिवस ग्लेझ आणि आगीला द्यायचे. मला आजवर सगळ्यात जास्त याच रीतीने मिळालं आहे. फक्त निघण्यापूर्वी तुमची माती किती अंशांपर्यंत टिकते ते शिक्षकांकडून लिहून घ्या आणि भट्टी लावणाऱ्याला दाखवा. 1000 अंशांची लाल माती 1280च्या भट्टीत गेली तर ती फळीवरच वितळून पसरते, आणि शेजारच्यांची भांडीही तिच्यात चिकटतात.