म्हापशातला हिरड्यांचा दवाखाना: काम चोख, कागद इंग्रजी

वरच्या सुळ्याची हिरडी इतकी सरकली होती की मुळाचा पिवळट भाग उघडा पडलेला. गार सोलकढी ओठाला लागली की कळ थेट मस्तकात. मागच्या दाताचंही तसंच. डॉक्टरीणबाईंनी आधीच स्पष्ट सांगितलं: सरकलेली हिरडी आपसूक परत वाढत नाही. सुळ्याच्या दोन्ही बाजूंचं हाड शाबूत आहे, शस्त्रक्रियेनं तो पूर्ण झाकला जाईल. मागच्या दाताजवळचं हाड झिजलंय, तिथं अर्ध्यावर समाधान मानावं लागेल. पैसे घेण्याआधी एवढं खरं बोलणारं माणूस मला आवडतं.

भाच्यानं व्हिडिओ बघून बारीक छिद्रातून हिरडी ओढायच्या पद्धतीचं डोक्यात भरवलं होतं. तेही विचारलं. माझी हिरडीच पातळ, नुसती ओढून टिकणार नाही, टाळूतला तुकडा घालून जाड करायला हवी, असं उत्तर मिळालं.

तर टाळूच्या आतल्या थरातून पातळ तुकडा काढतात, हिरडी उचलून तो मुळावर ठेवतात आणि वरून हिरडी ओढून टाके घालतात. बधिर करायचं इंजेक्शन टाळूत टोचतात तेव्हा डोळ्यांत पाणी येतं. पुढे काही कळत नाही. नंतरचा खरा त्रासही टाळूचाच, हिरडीचा नव्हे, आणि हे कुणी आधी सांगत नाही. जखमेवर ॲक्रिलिकची पट्टी बसवून दिली होती. मी भजनी मंडळात गाते. ‘विठ्ठल’ म्हणायला गेलं की जीभ नेमकी त्या पट्टीवर आपटायची! म्हणून टाळू भरेपर्यंत नुसते टाळ वाजवले.

खाणं म्हणजे कोमट पेज नि मऊ भात. टाके निघेपर्यंत त्या बाजूला ब्रश लावायचा नाही, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधानं चुळा भरायच्या. त्यानं दातांवर तपकिरी डाग पडतात आणि कढीची चव कळेनाशी होते. डाग नंतर साफ करून दिले. चतुर्थीच्या तोंडावर हे काम काढू नका, नेवऱ्यांकडे नुसतं बघत बसाल.

आता सुळा झाकलाय, रंगही जुळलाय, फक्त हिरडी जराशी फुगीर दिसते. मागचा दात सांगितला तसाच, अर्धा. सोलकढी मात्र सुखानं पिते.

तक्रारी दोन. वेळ दिलेली असूनही ताटकळावं लागतं. शुक्रवारची वेळ तर घेऊच नका, बाजारामुळे गाडी ठेवायला जागा मिळत नाही. दुसरी तक्रार मोठी: शस्त्रक्रियेनंतर काय करायचं त्याचा कागद निव्वळ इंग्रजीत. म्हापशात येणारी आमची निम्मी पेडण्या-डिचोलीची माणसं तो कुणाकडून वाचून घेणार? बाईंना सांगितलंय, मराठी-कोंकणीत छापा, मी लिहून देते.