शरदातल्या निसर्गनोंदी कशात ठेवाल: वही, ई-बर्ड की आयनॅचरलिस्ट?

पाऊस ओसरला की टेकडीवर माणसं वाढतात आणि त्यातल्या चार-दोघांना तरी यंदा नोंदी ठेवायची हुक्की येते. ठेवायच्या कशात, यावर घोडं अडतं. कुणी म्हणतं वही घे, कुणी म्हणतं वहीचा जमाना गेला, अॅप टाक. वही, पक्ष्यांच्या नोंदींचं ई-बर्ड अॅप आणि सगळ्याच सजीवांचं आयनॅचरलिस्ट अॅप, हे तिन्ही प्रकार वापरून झाल्यावर मी तुलना एकाच कसोटीवर करते: आपल्या शरदात जे घडतं ते यात मावतं का?

आपला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. युरोपातल्या फोटोंसारखी लालपिवळी पानगळ या दिवसांत इथे नसते. आपल्याकडे बरीचशी झाडं उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतात. ऑक्टोबरात पाऊस माघारी फिरतो, कुसळी गवत हिरव्याचं तांबूस होतं, सप्तपर्णी फुलते आणि रात्री रस्ताभर तिचा उग्र वास पसरतो. धोबी, गप्पीदास हे पाहुणे पक्षी येतात. त्याच सुमारास बेडकांचा आवाज बंद झालेला असतो, तेरडा वाळतो, चातक निघून जातो. म्हणजे निम्म्या घटना सुरू होण्याच्या आणि निम्म्या थांबण्याच्या.

सुरू होणारी गोष्ट टिपणं सोपं. पहिला धोबी शेपटी हलवत समोर आला की आपण खूश होऊन तारीख लिहितोच. पण आज पाहिलेला चातक यंदाचा शेवटचा होता, हे त्या दिवशी कळायला काहीच मार्ग नसतो. ते नंतर मागची पानं चाळताना कळतं, तेही मधल्या दिवसांत ‘चातक नाही’ असं लिहिलेलं असेल तरच. म्हणून ‘नाही’ लिहायची सोय कुठे आहे, हे आधी बघावं.

वही

वहीत ती सोय आपसूकच आहे, कारण वही काहीच विचारत नाही. नोंद साधारण अशी दिसते:

‘११ ऑक्टो., स. ६.४०, टेकडीची पूर्व बाजू. दव भरपूर. कुसळी गुडघ्याच्या वर, टोकं तांबूस, मोज्यांत कुसळं. गप्पीदास नर १, बाभळीच्या शेंड्यावर. वाटेच्या कडेला कोळ्याचं जाळं, मधोमध पांढरी नागमोडी नक्षी. मादी आठ पाय जोडीजोडीने जुळवून फुलीसारखी बसलेली. त्याच जाळ्याच्या कडेला इवलासा कोळी, नर असावा. चातक नाही. बेडूक नाहीत.’

यातलं ‘नर असावा’ आणि ‘मोज्यांत कुसळं’ कुठल्याच अॅपच्या रकान्यात नीट बसत नाही. पण गवत बी टाकायला लागल्याचा मोज्यांतल्या कुसळांइतका पक्का पुरावा दुसरा नाही. वहीत चित्रही काढता येतं. चांगलं येत नसलं तरी काढावं, कारण चित्र काढताना पाय मोजावे लागतात आणि पाय मोजले की जोड्या दिसतात. पेन मात्र नको. दवाने शाई फुटते. साधी एचबी पेन्सिल बरी.

वहीचे तोटेही आहेत. ‘मागच्या वर्षी गप्पीदास कधी आला होता?’ याचं उत्तर शोधायला पानं उलटत बसावं लागतं. ओळख चुकली तर दुरुस्त करणारं कुणी नसतं, वर्षानुवर्षं चूक तशीच राहते. आणि तुमची वही तुमच्याखेरीज कुणाच्याच उपयोगाची नाही, तुमचं अक्षर माझ्यासारखं असेल तर तुमच्याही नाही.

एक सूचना: तिथी हवी तर लिहा, पण इंग्रजी तारीख चुकवू नका. ‘दसऱ्याला सिंहगडावर सोनकी पिवळीधमक होती’ हे ऐकायला छान, पण २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता आणि २०२६ चा २० ऑक्टोबरला, अधिक महिन्यामुळे. दोन दसऱ्यांच्या सोनकीची तुलना केलीत तर फसाल.

ई-बर्ड

पक्ष्यांपुरतं बोलायचं तर माझा कौल ई-बर्डला. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि तिथलीच ऑड्युबन सोसायटी यांनी २००२ मध्ये ते सुरू केलं. भारतात बर्ड काउंट इंडिया हा गट त्याचं काम बघतो. निघाल्याची वेळ, किती मिनिटं, किती अंतर, माणसं किती आणि प्रत्येक पक्ष्याची संख्या, एवढं भरायचं. फुकट आहे, रेंज नसली तरी चालतं.

कळीचा प्रश्न शेवटी येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी यादीत दिलेत का? ‘हो’ म्हटलंत की यादी पूर्ण धरली जाते आणि जो पक्षी यादीत नाही तो तुम्हाला आढळला नाही असा अर्थ निघतो. म्हणजे ‘चातक नाही’ हे न लिहिताही लिहिलं जातं. नवखी माणसं इथे बिचकतात, ‘मला सगळे कुठे ओळखता येतात?’ म्हणून ‘नाही’ दाबतात. सगळे ओळखता यायची अटच नाही. जे ओळखलेत त्यातलं काही गाळलं नाही, एवढंच विचारलेलं असतं. कावळे-कबुतरं गाळून फक्त नवलाचे पक्षी लिहिलेत तर यादी अपूर्ण.

उणीव उघड आहे. गवत, कोळी, सप्तपर्णी यांना तिथे जागा नाही. आणखी एक, जरा बोचणारी: आकडे दिसायला लागले की काही जण पक्षी बघायचं सोडून यादी वाढवायच्या मागे लागतात.

आयनॅचरलिस्ट

इथे सगळं चालतं: फूल, बुरशी, चतुर, कोळी. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा पदव्युत्तर प्रकल्प म्हणून हे सुरू झालं. फोटो टाकला की यंत्र नाव सुचवतं आणि मग जगभरातली जाणकार माणसं दुजोरा देतात किंवा दुरुस्ती करतात. दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झालं की नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते. ओळख शिकायला याच्याइतकी चांगली शाळा घरबसल्या मिळणार नाही. गवतांच्या बाबतीत मात्र यंत्राच्या पहिल्या सूचनेवर डोळे मिटून विश्वास टाकू नका.

पण आमच्या कसोटीवर हे मार खातं. फोटो असलेल्या गोष्टीचा काढायचा असतो, नसलेल्या चातकाचा कसा काढणार? शिवाय फोटो-आवाज काहीच नसेल तर नोंद किरकोळ गटात जाते. कुंडीतल्या, लावलेल्या झाडांचंही तेच. शरदात शेवटची तारीख हवी असेल तर एकट्या आयनॅचरलिस्टवर भागत नाही.

आणि एकच झाड

रोज टेकडीवर जाणं जमणारच नसेल तर सीझनवॉच हा झाडांच्या नोंदींचा उपक्रम बघा. आंबा, फणस, चिंच, बहावा यांसारखं घराजवळचं एक झाड निवडायचं आणि आठवड्यातून एकदा बघून पानं, कळ्या, फुलं, फळं यांपुढे ‘नाही, थोडी, खूप’ यातलं एक लिहायचं. ‘नाही’ इथे पहिलाच पर्याय आहे! पाच मिनिटांचं काम, आणि बसस्टॉपवर उभं राहूनही होतं.

मग घ्यायचं काय? पक्ष्यांचीच ओढ असेल तर ई-बर्ड, आणि निदान पंधरा मिनिटांची पूर्ण यादी. नावंच येत नसतील तर पहिलं वर्ष आयनॅचरलिस्टवर काढा. लहान मुलं बरोबर असतील तर त्याचंच सीक हे भावंड घ्या, त्याला खातं लागत नाही. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाणार असाल आणि सगळ्यातच रस असेल तर वही, पक्ष्यांसाठी जोडीला ई-बर्ड. माझं असंच चालतं. वहीचाही कंटाळा असेल तर भिंतीवरच्या कालनिर्णयात, जिथे दुधाचा हिशोब लिहिता त्याच चौकोनात, ‘धोबी आला’ लिहा. वर्ष संपल्यावर फक्त ते रद्दीत घालू नका.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांच्या मधला. त्या आठवड्यात जाणकारांबरोबर फिरायची संधी बऱ्याच ठिकाणी मिळते. मात्र नोंदींची सुरुवात तिथून करू नका, सप्टेंबरअखेरीस करा. नोव्हेंबरपर्यंत निम्मा शरद उरकलेला असतो.

अॅप कुठलंही घ्या, घुबडाच्या ढोलीची किंवा दुर्मीळ आमरीची (ऑर्किडची) नेमकी जागा जगजाहीर करू नका. आयनॅचरलिस्टमध्ये नोंद भरतानाच स्थळ धूसर करायची सोय आहे, मग साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी एवढंच इतरांना दिसतं. ई-बर्डवर ज्यांना जास्त धोका आहे असे पक्षी आपोआप झाकले जातात, बाकीच्यांचं तुम्हालाच बघावं लागतं.