हरवलेल्या स्मार्ट किल्लीच्या जागी नवी किल्ली: पुण्यातील एका कारागिराची सेवा

गाडीची स्मार्ट किल्ली हरवल्यामुळे ज्या कारागिराकडून नवी करून घेतली, त्यांचे काम अत्यंत चोख आहे. आरसी आणि ओळखपत्र तपासल्याशिवाय त्यांनी कामाला हात लावला नाही, ही गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीतल्या संगणकाशी जोडणी करण्याच्या जागी, यंत्र जोडून त्यांनी आधी हरवलेल्या किल्लीची इमोबिलायझरमधील (नोंद नसलेल्या किल्लीने गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेतील) नोंद पुसली, जेणेकरून ती कोणाच्या हाती लागली तरी गाडी सुरू होऊ नये, आणि मगच नव्या किल्लीची नोंद केली. किल्लीच्या आतली धातूची पातही कापून, दाराच्या कुलपात फिरवून दाखवली. किल्लीतला सेल संपल्यावर दार या पातीनेच उघडावे लागते. पावती मात्र मागितल्यावरच मिळाली आणि वॉरंटी केवळ तोंडी दिली, हे खटकले. एक किल्ली शिल्लक असतानाच दुसरी करून घ्यावी, कारण दोन्ही गेल्यास काम आणि खर्च दोन्ही वाढतात.