मालवणजवळच्या देवबागला कयाक फिशिंग (वल्ह्याच्या छोट्या होडीतून मासेमारी) शिकलो, नवशिक्यांनी जरूर जा

गळाला हात लावायच्या आधी शिकवणाऱ्यांनी कर्ली खाडीच्या उथळ पाण्यात कयाक मुद्दाम उलटवायला लावली आणि परत वर चढायला शिकवलं, पहिल्या दोन वेळा घसरलो, तिसऱ्यांदा पाय मारत पोटावर आडवं होऊन चढलो, हे आलं नाही तर समुद्रात जाऊच नका, खरंच. सिट-ऑन-टॉप (आत नाही, वर बसायची) कयाक स्थिर, पाणी भोकांतून आपोआप निघून जातं. वल्हं दोरीने बांधलेलं, शिट्टी जॅकेटला. ओहोटीत खाडी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ ओढ जबरदस्त असते म्हणून भरतीलाच नेलं, मतलई (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) वारा असताना लांब जाऊ देत नाहीत. एक तांबोशी मिळाली! तक्रार एकच, माझ्या लाईफ जॅकेटचं बक्कल सैल होतं, सांगितल्यावर बदललं पण आधीच बघायला हवं होतं. कोस्ट गार्डचा १५५४ फोनमध्ये सेव्ह करा.