गुरुवारची खुर्ची : नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेचा पाच महिन्यांचा अनुभव

आमच्या ऑफिसचं वेळापत्रक असं: सोमवार ते बुधवार खराडीला जायचं, गुरुवार-शुक्रवार घरून काम. खराडीचे तीन दिवस निभतात. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत गेली, तेव्हापासून मी गरवारे कॉलेजला बसते आणि पुढे रिक्षा करते. अडतं ते गुरुवारी. पुण्यात गुरुवार म्हणजे वीजदुरुस्तीचा दिवस. सकाळी लाइट गेली की कधी दोनला येते, कधी चारला, आणि पाणीही बहुतेक वेळा गुरुवारीच बंद. आमचा इन्व्हर्टर तीन तासांपुढे टिकत नाही. हॉलमध्ये सासूबाई आडव्या झालेल्या असतात, त्यामुळे मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून सात जणांची मीटिंग घ्यायचे. असे तीन गुरुवार काढले आणि मग जागा शोधायला निघाले.

ही अभ्यासिका शास्त्री रस्त्याच्या आतल्या गल्लीत आहे. भाग स्पर्धा परीक्षांच्या मुलांचा. मेस, झेरॉक्सची दुकानं, कॉट बेसिसच्या खोल्या. खालचा मजला त्या मुलांचा. तिथे इतकी शांतता असते की पान उलटलेलं ऐकू येतं. वरच्या मजल्यावर अभ्यासिका चालवणाऱ्या काकांनी १८ टेबलं नोकरीवाल्यांसाठी काढली आहेत. महिन्याचे १,८०० रुपये, एका दिवसाचे १५०. वर हळू बोललेलं चालतं, कॉल मात्र काचेच्या छोट्या खोलीत बसूनच घ्यायचा. अशा खोल्या दोन. इन्व्हर्टर मोठा आहे, आणि पाच महिन्यांत नेट माझ्यासमोर एकदाच गेलं, तेही वीसेक मिनिटं.

उणिवाही सांगते. काचेच्या खोलीत हवा खेळत नाही, अर्ध्या तासात घामाघूम व्हायला होतं. खुर्च्यांना हात नाहीत, चारनंतर खांदे भरून येतात. बायकांचं स्वच्छतागृह खालच्या मजल्यावर, म्हणजे दरवेळी मुलांच्या रांगांमधून चपलांचा आवाज न करता जायचं. गाडी लावायला गल्लीत जागा मिळेल याची खात्री नाही.

तरीही मी दर गुरुवारी तिथे जाते, त्याचं कारण वेगळं आहे.

गेल्या वर्षी आमच्या टेस्टिंग टीममध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या गटात, परभणीचा एक मुलगा लागला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. खोलीत चौघं, टेबल एकही नाही. घरून काम म्हणजे कॉटवर मांडी घालून, लॅपटॉप मांडीवर. ऑफिसात टेबल ॲपवरून बुक करावं लागतं, टीमला एकत्र जागा मिळतेच असं नाही, त्यामुळे तिथेही तो माझ्यापासून दोन मजले लांब. चॅटवर मी विचारायचे, ‘काही अडलंय का रे?’ उत्तर ठरलेलं: ‘नाही मॅडम, ऑल गुड.’ मी ते खरं धरून चालले. रिलीजच्या आदल्या दिवशी कळलं की नवा टेस्ट डेटा कुठून घ्यायचा हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि बारा दिवस तो जुन्याच डेटावर काम करत होता. ती चूक माझी होती. २००७ साली मी नोकरीला लागले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाई काय करतात हे बघत बघत निम्मं काम शिकले होते. याच्या शेजारी कुणी नव्हतंच.

त्याची खोली अभ्यासिकेपासून पायी दहा मिनिटांवर. मी त्याला म्हटलं, गुरुवारी इथे येत जा, पैसे मी भरते. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत त्याने हळू आवाजात सहा-सात प्रश्न विचारले. एकेक प्रश्न अर्ध्या मिनिटाचा. एवढासा प्रश्न चॅटवर लिहायचा म्हटलं की ‘मॅडमना हे कसं विचारू’ असं होतं; शेजारी बसल्यावर तो सहज तोंडातून निघून जातो. आता कुठे चुकतंय हे तो बोलायच्या आधीच मला दिसतं, कारण एकाच स्क्रीनवर त्याची नजर बराच वेळ अडकून राहते.

दुसरी गोष्ट मला त्या काचेच्या खोलीत कळली. आमचे दोघं कोल्हापूर आणि नाशिकहून कायम घरूनच काम करतात. ऑफिसच्या मीटिंगमध्ये आम्ही पाच जण टेबलाभोवती आणि ते दोघं भिंतीवरच्या स्क्रीनवर. एका गुरुवारी काही जण ऑफिसात होते आणि मी इथून जोडले गेले. माइकजवळ बसलेल्याचा आवाज आणि कपबशांची खळखळ, एवढंच ऐकू आलं. कोपऱ्यातून कुणीतरी काही म्हटलं, सगळे हसले, पुढचा विषय सुरू. ते दोघं दोन वर्षं हेच ऐकत होते आणि मी त्यांना ‘मीटिंगमध्ये बोलत नाहीत’ म्हणत होते. त्यानंतर आम्ही ठरवलं: एक जण जरी बाहेर असला तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून, हेडफोन लावून बसायचं. टपरीवर चहा पिताना काही ठरलं तर त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहायचं. कोल्हापूरची सहकारी आता दर मीटिंगमध्ये दोन-तीनदा तरी बोलते.

दिवसभर कॉलवर असणाऱ्यांना ही जागा चालणार नाही. दोन काचखोल्या सगळ्यांना पुरत नाहीत आणि खालच्या मुलांना त्रास होता कामा नये. पूर्वपरीक्षा जवळ आली की काका वरची टेबलंही मुलांना देतात. मला ते योग्य वाटतं, त्यांची वर्षं पणाला लागलेली असतात. लिहिण्या-वाचण्याचं, कोडचं, डिझाइनचं काम असेल आणि घरात टेबल नसेल, तर जरूर या. गुरुवारी गर्दी असते, म्हणून बुधवारी संध्याकाळीच काकांना सांगून ठेवा. खिडकीजवळचं १३ आणि १४ नंबरचं टेबल मात्र आम्ही दोघांनी धरून ठेवलंय.