बोस्टनचा ब्लॅक हेरिटेज ट्रेल: कधी चालावा, कुठे थांबावं

फेब्रुवारी हा ब्लॅक हिस्ट्री मंथ, म्हणून बरेच जण बोस्टनचा ब्लॅक हेरिटेज ट्रेल, म्हणजे बीकन हिल या जुन्या वस्तीतल्या कृष्णवर्णीय समाजाच्या इतिहासाच्या खुणा जोडणारी पायवाट, त्याच महिन्यात करायला निघतात. तिथेच चुकतं. बीकन हिलचे फुटपाथ विटांचे, उंचसखल आणि उताराचे आहेत. त्यावर बर्फ गोठला की सगळं लक्ष पायांकडेच राहतं. नॅशनल पार्क सर्व्हिसच्या रेंजरांबरोबरच्या मोफत फेऱ्याही मुख्यतः उन्हाळ्यात असतात. फेब्रुवारीत आलातच तर फक्त ट्रेलच्या शेवटी असलेलं म्युझियम ऑफ आफ्रिकन अमेरिकन हिस्ट्री पाहा आणि चालणं उन्हाळ्यासाठी ठेवा.

रेंजरचा आग्रह एवढ्यासाठी, की १.६ मैलांच्या, म्हणजे सुमारे अडीच किलोमीटरच्या या वाटेवरची बहुतेक घरं खासगी आहेत. आत सोडत नाहीत आणि बाहेरून फारसं काही कळत नाही. ५ पिंकनी स्ट्रीटवरचं, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय जॉर्ज मिडल्टनचं १७८७चं लाकडी घर माहिती नसेल तर सहज मागे पडतं. एकट्याने फिरायचं असेल तर पार्क सर्व्हिसचं ॲप आधीच उतरवून घ्या. नुसत्या चालण्याला दीड तास धरा, म्युझियमला वेगळा एक तास. म्युझियमला तिकीट आहे, ट्रेल मोफत. म्युझियमच्या वेळा निघण्यापूर्वी तपासा, कारण ते बंद असेल तर फेरी अर्धीच होते.

सुरुवात स्टेट हाउससमोरच्या (राज्याच्या विधानभवनासमोरच्या) ५४व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटच्या, म्हणजे अमेरिकन यादवी युद्धातल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकडीच्या, स्मारकापासून करा. पार्क स्ट्रीट स्टेशनवरून चढ चढून पाच-सात मिनिटं. ऑगस्टस सेंट-गॉडेन्सचं हे ब्राँझ शिल्प १८९७चं. घोड्यावर तुकडीचा गोरा प्रमुख कर्नल शॉ आणि त्याच्या बाजूने चालणारे कृष्णवर्णीय सैनिक, प्रत्येकाचा चेहरा निराळा. लोक इथे समोरून फोटो काढून पुढे निघतात. मागे जा. मूळ स्मारकावर फक्त गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं होती. फोर्ट वॅग्नरच्या लढाईत पडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांची नावं कोरली गेली ती १९८०च्या दशकात. याच सैनिकांना गोऱ्या शिपायाच्या १३ डॉलरऐवजी १० डॉलर पगार देऊ केला होता, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. त्यांनी पगारच नाकारला, १८६४मध्ये समान वेतनाचा कायदा होईपर्यंत.

चार्ल्स स्ट्रीट मीटिंग हाउस, म्हणजे एक जुनं चर्च, बाहेरूनच पाहायचं आहे. पूर्वी इथे कृष्णवर्णीयांना गॅलरीत बसवत. हे लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल. पुढे ६६ फिलिप्स स्ट्रीटवर मात्र घाई नको. केंटकीच्या गुलामीतून निसटलेले लुईस हेडन आणि त्यांची पत्नी हॅरिएट इथे पळून आलेल्यांना आसरा देत. १८५०मध्ये गुलामीतून पळून आलेलं जोडपं एलेन आणि विल्यम क्राफ्ट यांना पकडायला माणसं आली, तेव्हा घरात बंदुकीची दारू ठेवून ते उडवून देण्याची हेडन यांची तयारी होती. हॅरिएटने आपली मालमत्ता हार्वर्डला दिली, कृष्णवर्णीय वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी. अशा घरासमोर केवळ एक फलक आहे, हे फार अपुरं वाटतं.

ॲबिएल स्मिथ स्कूलमध्ये आज म्युझियमची दालनं आहेत. १८३५ची ही शाळा फक्त कृष्णवर्णीय मुलांची. छोट्या सारा रॉबर्ट्सला गोऱ्यांच्या पाच शाळा ओलांडून इथे यावं लागे, म्हणून तिच्या वडिलांनी शहरावर खटला भरला. ते हरले, पण १८५५मध्ये मॅसॅच्युसेट्सने वेगळ्या शाळा कायद्याने बंद केल्या. पिंकनी आणि अँडरसन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची, तेव्हा गोऱ्या मुलांचीच असलेली फिलिप्स स्कूल येताना नीट पाहून ठेवली असेल तर हा खटला कशासाठी होता ते दोन इमारतींवरूनच कळतं. म्हणून ट्रेल उलट दिशेने करू नका.

शेवट आफ्रिकन मीटिंग हाउसमध्ये. १८०६ची ही वास्तू बहुतांशी कृष्णवर्णीय कारागिरांनी बांधली, आणि २०११मध्ये ती पुन्हा १८५५च्या रूपात आणली गेली. १८३२मध्ये पत्रकार विल्यम लॉइड गॅरिसनची गुलामगिरीविरोधी संस्था इथेच स्थापन झाली. खालच्या बाकांवर निवांत बसा आणि वर गॅलरीकडे पाहा. १८०६च्या उद्घाटनाला खालचे बाक आफ्रिकनांच्या हितचिंतकांसाठी राखून ठेवले होते. ज्यांची ही वास्तू, ते वर बसले होते.