गोव्याचा स्लॉट देतो म्हणून ८६,४४९ रुपये घेतले, डीजे पोरांनी वाचाच

आकडा आधीच सांगतो, कारण गावात तो रोज वाढतोय. कुणी दोन लाख म्हणतंय, कुणी म्हणतंय बापाची जमीन गहाण पडली. गेले ते ८६,४४९ रुपये. जमीन जागेवर आहे. पैसे माझे होते, सीझनला डॉल्बीवर रात्र-रात्र उभं राहून जमवलेले, आणि म्हणूनच आग जास्त होते.

मी सांगली-कोल्हापूर पट्ट्यातला. गणपती, यात्रा, शिवजयंती, हळदी यांना डॉल्बी चालवतो. बाकीचं वर्ष एफएल स्टुडिओ, म्हणजे कॉम्प्युटरवर गाणी बनवायचं सॉफ्टवेअर. मंडळांना लागतात तसले रिमिक्स पोटासाठी, आणि त्यातून वेळ उरला की स्वतःचं. या लाइनीतल्या पोरांना वेगळं सांगायला नको: रिमिक्सला लाखभर व्ह्यूज पडतात, स्वतःच्या ट्रॅकला घरची माणसं आणि दोन मित्र. त्यातल्याच एका ट्रॅकवर माझा फार जीव होता. हलगीवरचा हाऊस, म्हणजे क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत, मिनिटाला १२६ ठोके. हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकतात, कातडं ताणलं जावं म्हणून. आमच्याकडे त्यासाठी उसाचं पाचट पेटवतात. ते पाचट जळतानाचा तडतड आवाज मी वेगळा रेकॉर्ड केला आणि बारीक तुकडे करून हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रमच्या झांजेच्या, जागी बसवला. ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही काय वाजतंय, पण बीट जोरात पडायच्या (ड्रॉपच्या) आधी किक, म्हणजे ड्रमचा धम्म ठोका, काढून घेतली की नुसती ती तडतड उरते आणि अंगावर काटा येतो. माझ्या तरी.

फसवणारा नेमकं त्याच ट्रॅकचं नाव घेऊन आला.

इन्स्टावर मेसेज. आम्ही गोव्यातली आर्टिस्ट मॅनेजमेंट कंपनी, डिसेंबरातल्या एका मोठ्या फेस्टिव्हलसाठी 'रीजनल साऊंड' करणारे नवे आर्टिस्ट घेतोय, तुमचा ट्रॅक ऐकला. (फेस्टिव्हलचं नाव लिहीत नाही. त्यांचा यात काडीचा संबंध नाही, नुसतं नाव वापरलं गेलं.) ट्रॅकमधली 'व्होकल्स' फार आवडली असंही त्यात होतं. माझ्या ट्रॅकमध्ये गाणं नाहीच. मागून एकजण आरोळी देतो ते एक सँपल आहे, त्यालाच म्हणत असतील असं मी धरलं.

फोनवरचा माणूस मात्र अडाणी नव्हता. हे लिहिणं भाग आहे, कारण 'एवढं कसं कळलं नाही' विचारणाऱ्यांना वाटतं की समोरून 'तुमचं केवायसी बंद होईल' छाप कुणीतरी बोलत होतं. हा मला चरणजित सिंगांची गोष्ट सांगत होता. हिंदी सिनेमासाठी वाजवणारे मुंबईचे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँडच्या टीबी-३०३ (बेसचं मशीन) आणि टीआर-८०८ (ड्रमचं मशीन) वर राग बसवून रेकॉर्ड केली. तेव्हा कुणी विचारलं नाही. पुढं १९८७ च्या सुमारास शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ वर ॲसिड हाऊस नावाचा नवा प्रकार गाजवला, आणि चरणजित सिंगांची रेकॉर्ड २०१० ला पुन्हा निघाली तेव्हा कुठं जगानं दखल घेतली. "आपलं आधी बाहेरच्यांना कळतं, तुझ्या हलगीचंही तसंच होणार." न्यूक्लिया या डीजेनं रस्त्यावरचा बेस फेस्टिव्हलच्या स्टेजवर नेलाच की, हेही सांगून झालं. ही सगळी माहिती खरी आहे, मी नंतर तपासली. खोटं होतं ते फक्त बोलणाऱ्याचं नाव.

पुढची उतरण तुम्हाला पाठ असेल. 'पोर्टफोलिओ रिव्ह्यू' २,४९९. मग 'आर्टिस्ट ऑनबोर्डिंग' १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. रीतसर बिल आलं, जीएसटी नंबर ३० नं सुरू होणारा, म्हणजे गोव्याचाच. तेवढं मला कळतं, जनरेटरवाल्याची बिलं मीच बघतो. नंबर खराही होता. पैसे गेल्यावर जीएसटीच्या साइटवर टाकून बघितला तर टाइल्सच्या दुकानाचा निघाला. ती साइट सगळ्यांना फुकट आहे, नंबर टाकला की धंद्याचं नाव येतं. आधी टाका. त्यानंतर मास्टरिंग (ट्रॅकच्या आवाजाची शेवटची सफाई) आणि परदेशी लेबलवर रिलीज, १७,७००. स्लॉट, म्हणजे स्टेजवर वाजवायची वेळ, पक्का करायला 'रिफंडेबल तिकीट कमिटमेंट', ४५,०००. शेवटी गाणी वाजवायच्या लायसन्सचे म्हणून ९,४५०. हे शेवटचं तर धडधडीत होतं: कार्यक्रमात रेकॉर्डेड गाणी वाजवायचं लायसन्स आयोजक काढतो, वाजवणारा नव्हे.

आमच्या डॉल्बीच्या धंद्याला लोक नावं ठेवतात, पण तिथं एक रीत आहे. सुपारी ठरली की इसार वाजवून घेणारा देतो. मंडळ कितीही गरीब असो, इसार हातावर पडल्याशिवाय ट्रॉली हलत नाही. इथं वाजवणाराच इसार भरतोय आणि त्याला 'कमिटमेंट' म्हणतात. बरं, हे फक्त ठग करतात असंही नाही. मोठ्या शहरांतल्या क्लबांत नव्या पोरांना एवढी तिकिटं खपव, मग अर्धा तास वाजव, असं सर्रास चालतं. त्यामुळं मला ते संशयाचं वाटलंच नाही, मोठ्या जगाची पद्धत वाटली. वाजवायचे पैसे मागितले की फोन ठेवा, समोर खरा आयोजक असला तरी ठेवा.

आता त्या पत्राचं. त्यानंच माझी झोप उडते.

४५,००० भरल्यावर स्लॉटचं पत्र आलं. लेटरहेड, लोगो, स्टेजचा नकाशा आणि टेक रायडर, म्हणजे स्टेजवरच्या सामानाची यादी: चार सीडीजे-३००० (पेनड्राइव्हवरून गाणी वाजवायचे डीजे प्लेअर), डीजेएम-ए९ मिक्सर. मी लॅपटॉप आणि कंट्रोलरवर वाजवणारा, सीडीजेला कधी हात लावलेला नाही. तो रायडर मी पोथीसारखा वाचला. पेनड्राइव्ह फॅट-३२ ला फॉरमॅट करायचा, रेकॉर्डबॉक्स या सॉफ्टवेअरमधून गाणी भरायची, एक दगा देईल म्हणून दुसरा तसाच भरून खिशात. सगळं शिकून घेतलं. आणि त्याच कागदावर, रायडरच्या वर, ठळक अक्षरात: ओपन-एअर स्टेज, रात्री ११.१५ ते ११.४५.

सव्वाअकरा. उघड्यावर.

अहो, दहा म्हणजे काय हे डॉल्बीवाल्याइतकं कुणाला माहीत असतं? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद. मिरवणुकीत पावणेदहापासून माझं लक्ष फेडरवर कमी आणि पोलिसांच्या गाडीवर जास्त. दहा वाजून चार मिनिटांनी ज्याचा ॲम्प्लिफायर उचलून नेला तो माणूस मी! २०१६ ला सनबर्न फेस्टिव्हल गोवा सोडून पुण्याजवळ केसनंदला आला तेव्हा मी बघायला गेलो होतो, तिथंही दहाला सगळं बंद. एवढे मोठे फेस्टिव्हल दुपारच्या उन्हात का सुरू होतात, हे मीच पोरांना समजावून सांगतो.

पण माझंही ऐका. त्याच नियमात राज्य सरकारला वर्षातले १५ दिवस बारापर्यंत सूट देता येते. आमच्याकडे गणपतीत ठरावीक दिवस जिल्हाधिकारी तशी सूट जाहीर करतात. नाताळ, ३१ डिसेंबरच्या तोंडावर गोव्यात तसंच असेल, आणि एवढ्या मोठ्या लोकांना तर मिळणारच, असं मला वाटलं. जो नियम मला लागतो तो मोठ्यांना लागत नाही, हे मी जन्मापासून बघत आलोय. याला मूर्खपणा म्हणणाऱ्यांनी एकदा मंडळाच्या पावत्या फाडून बघाव्यात.

तोवर पोरांनी चौकात फ्लेक्स लावला होता. माझा गॉगलवाला फोटो, मागं समुद्र, 'आपला वाघ गोव्याच्या स्टेजवर', खाली ट्रॅक्टर शोरूमच्या शुभेच्छा. फेस्टिव्हलचं नाव नव्हतं, कारण लाइनअप जाहीर होईपर्यंत नाव फोडायचं नाही असं करारात होतं. मी फ्लेक्स लावा म्हटलं नव्हतं. काढा असंही म्हटलं नाही.

रिलीज मात्र खरंच झालं, आणि त्यानंच माझा विश्वास पक्का केला. 'परदेशी लेबल' म्हणजे गाणी ॲपवर चढवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरकडं वर्षाचे थोडे पैसे भरून कुणालाही काढता येतं तसलं नाव, हे आता कळतंय. ट्रॅक स्पॉटिफायवर आला. वर्षात १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर स्पॉटिफाय त्या ट्रॅकचा पैसा देत नाही, हा २०२४ पासूनचा नियम खरा आहे. त्याचा धाक घालून 'प्रमोशन आमच्याकडून' म्हणाला. आठवड्यात ४१,००० स्ट्रीम! आईला दाखवले. तिनं विचारलं, एवढे लोक कुठले रे? मी शहरांची यादी उघडली. जवळजवळ सगळे परदेशातल्या एकाच शहरातले. फॉलोअर वाढले तीन, सेव्ह (ट्रॅक स्वतःच्या यादीत ठेवणारे) शून्य. माणसं ऐकत नव्हती, मशिनी ऐकत होत्या. स्ट्रीमचा आकडा बघून हुरळू नका, सेव्ह किती ते बघा. पुढं डिस्ट्रिब्युटरनं 'कृत्रिम स्ट्रीम' म्हणून ट्रॅकच काढून टाकला. आणि मास्टर, म्हणजे ट्रॅकचं अंतिम रेकॉर्डिंग, त्यांच्या नावावर नोंदवलेला, त्यामुळं माझं पाचट मी माझ्याच चॅनलवर लावलं तर कॉपीराइटचा क्लेम मला येतो. ८६,४४९ मध्ये हे धरलेलं नाही. प्रोजेक्ट फाइल आणि स्टेम्स (ट्रॅकमधल्या आवाजांच्या सुट्या फाइल) सख्ख्या भावालाही देऊ नका.

मग १८,००० मागितले, कसल्यातरी टॅक्सचे, 'परत मिळतील' म्हणून. तेव्हा मी फेस्टिव्हलच्या अधिकृत साइटवर असलेल्या पत्त्यावर मेल केला. दोन ओळींचं उत्तर आलं: असा स्लॉट नाही, अशी कंपनी आमच्याकडं काम करत नाही. त्या संध्याकाळी त्या माणसाचा फोन बंद.

आता सरकारी दरबार ऐका. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लागली, तक्रार नंबर मिळाला, तेवढं ठीक झालं. शेवटच्या ९,४५० पैकी ६,१२० रुपये एका खात्यात अडवले गेले, बाकीचे आधीच पुढं सरकले होते. अडकलेले सोडवायलाही कोर्टाचा आदेश लागेल म्हणाले. पैसे गेल्यावर पहिल्या तासात १९३० लावा, घरच्यांना नंतर सांगा.

ठाण्यात गेलो तर हवालदारानं लगेच ओळखलं, ॲम्प्लिफायर त्यांनीच नेला होता ना! "काय डॉल्बीवाले, आज आपण होऊन?" पत्र दाखवलं. त्यानं सव्वाअकरावर बोट ठेवलं आणि आत हाक मारली, "साहेब, ह्याला दहाचं माहीत नव्हतं म्हणे." सगळं ठाणं हसलं. साहेब म्हणाले, करार झालाय म्हणजे दिवाणी मामला, वकील गाठा. कंपनीच नाही तर करार कुणाशी झाला, साहेब? तर म्हणे जिल्ह्याच्या सायबरला जा. सायबरवाले म्हणाले एवढ्या रकमेचं तुमच्या ठाण्यातच घेतात. ठाण्यात परत गेलो तर म्हणाले आरोपी गोव्याचा, गुन्हाही गोव्याचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणुकीची जुनी ४२० आता ३१८ आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणं गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्यानं नोंदवून घ्यायचा असतो. कलमाची प्रिंट काढून नेली. "लई शिकलास की," एवढंच. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणतात बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. शिक्का मारणारे साहेब ट्रेनिंगला गेलेले. पैसे कुणाच्या खात्यात गेले एवढं तरी सांगा म्हटलं, तर ग्राहकाची गोपनीयता. माझं तोंड चौकात दहा बाय पंधराच्या फ्लेक्सवर टांगलंय, आणि गोपनीयता चोराला! आवाज मोजायचं मीटर यांच्याकडं तयार असतं, माझा ॲम्प्लिफायर जप्त करायचा पंचनामा रस्त्यावर, बॅटरीच्या उजेडात, उभ्या उभ्या लिहिला होता. माझी तक्रार लिहायला मात्र कागद नाही, माणूस नाही, हद्द नाही. शेवटी गुन्हा नाहीच. 'तक्रार अर्ज' घेतला आणि मागून घेतली तेव्हा पोच दिली. पोच सोडू नका. ठाण्यानं नोंदवायला नकार दिला तर त्याच कलम १७३ मध्ये एसपींना लेखी पाठवायची सोय आहे. मी रजिस्टर पोस्टानं पाठवलंय.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळंच. आमच्या शेजारच्या गावात एक पोरगं संबळावर ट्रॅक बनवतं, चांगलं बनवतं. त्यानं परवा मला स्क्रीनशॉट पाठवला. नाव दुसरं, कंपनी दुसरी, मेसेज तोच, त्यातही व्होकल्सची तारीफ. २,४९९ मागितलेत. स्लॉट या वेळी रात्री ११.४५ चा आहे.

असा मेसेज ज्याला ज्याला आलाय त्यानं चॅट डिलीट करू नये. पैसे दिले असतील तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक, बिलाची प्रत आणि १९३० चा तक्रार नंबर मला पाठवा. जीएसटी नंबर ३० नं सुरू होणारा आणि टाइल्सच्या दुकानाचा निघाला तर आधी पाठवा. चार-पाच तक्रारी एकाच खात्याकडं बोट दाखवत असतील तर एकत्र घेऊन मी पुन्हा एसपी ऑफिसला जाणार आहे.